कार्थेजची प्रतिकृती : प्रकल्प नोंदी

४ जून २०२४
वाचनालयाच्या हॉलमध्ये दिवाळीत दरवर्षी किल्ल्यांच्या प्रतिकृती मांडतात. यंदा समितीने 'जगातले वेढे' असा विषय ठरवला आहे. मी कार्थेज मागून घेतलं. रोमन सैन्याने इ.स.पू. १४९ ते १४६ अशी तीन वर्षं वेढून पाडलेलं, आजच्या ट्युनिसजवळचं शहर. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं ड्रॉइंग बोर्डवर काढली, त्यामुळे बंदर, भराव, तटबंदी हे सगळं मला आतून खुणावतं. भाची आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे, ती रविवारी येणार.

टेबल मिळालंय सहा फूट बाय चार. सगळं शहर त्यावर मावणं शक्यच नाही. शहराचा घेर २३ रोमन मैल होता असं रोमन इतिहासकार लिव्हीच्या ग्रंथाच्या जुन्या सारांशात आहे, म्हणजे जवळपास ३४ किलोमीटर. म्हणून फक्त शेवटची लढाई झाली तो पट्टा घ्यायचा: दक्षिणेला दोन बंदरं, मधे बाजारचौक, उत्तरेला बिर्सा टेकडी. उपग्रहाच्या चित्रावर मोजलं, हे सगळं पावणेदोन किलोमीटरमध्ये बसतं. प्रमाण १:१०००. एक मीटरला एक मिलिमीटर.

१६ जून
उपग्रहाच्या चित्रात बंदरं अजून स्पष्ट दिसतात. एक लांबट तळं, आणि त्याला लागून एक गोल तळं, मधे बेट. आज आजूबाजूला बंगले आणि झाडं आहेत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, एवढंसं? पण गोल तळ्याचा मूळ व्यास सुमारे ३२५ मीटर, आणि हे सगळं माणसांनी खणून काढलेलं. नैसर्गिक खाडी नव्हे.

टेकडीचं काम अवघड. सम्राट ऑगस्टसच्या काळात रोमनांनी इथे आपलं नवं कार्थेज वसवलं तेव्हा बिर्साचा माथाच छाटला आणि तो भराव उतारांवर ढकलून सपाट चौथरा केला. त्यामुळे आजच्या समोच्च रेषा जशाच्या तशा घेऊन चालणार नाही. पण त्याच भरावाने एक चांगलंही झालं. दक्षिण उतारावरची इ.स.पू. १४६ मध्ये जळलेली घरं त्याच्याखाली दबून राहिली, आणि १९७० च्या दशकात फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी ती बाहेर काढली. सरळ आखलेले रस्ते, चढावर पायऱ्या, प्रत्येक घराखाली पावसाच्या पाण्याचं टाकं. अरुंद, उंच घरं आणि पोटात पाणी. वेढ्यात तीन वर्षं तग धरण्यात या टाक्यांचा वाटा मोठा असणार. मी खात्यात असते तर पहिल्यांदा हेच नकाशावर चढवलं असतं.

माथा अंदाजाने गोलसर केला. ५ मिलिमीटरच्या सनबोर्डचे थर, वर पीओपी.

२३ जून
आज दिवसभर गोल बंदर.

या बंदराचं वर्णन ग्रीक इतिहासकार अ‍ॅपियनने केलं आहे. तो लढाईनंतर जवळपास तीनशे वर्षांनी लिहीत होता, पण त्याच्यापुढे आधीचा इतिहासकार पॉलिबियस याचा मजकूर होता आणि पॉलिबियसने शहर पडताना स्वतः पाहिलं होतं. वर्णन असं: दोन्ही बंदरांना समुद्राकडून एकच तोंड, ७० फूट रुंद, लोखंडी साखळ्यांनी बंद होणारं. आधी व्यापारी बंदर, मग आतलं लढाऊ नौकांचं. आतल्याच्या काठाने आणि बेटावर मिळून २२० नौकांच्या गोद्या. प्रत्येक गोदीसमोर दोन आयोनिक (ग्रीक घडणीचे) खांब, त्यामुळे सगळं बंदर एखाद्या गोल सोप्यासारखं दिसे. बेटावर नौदलप्रमुखाचा उंच वाडा. तिथून त्याला बाहेरचा समुद्र दिसे, बाहेरच्यांना मात्र आतलं काही दिसत नसे.

२२० हा आकडा घेऊन कंपास उचलला. परीघ ३२५ गुणिले पाय, म्हणजे सुमारे १०२० मीटर. ब्रिटिश पथकाने बेटावर उत्खनन केलं तेव्हा तिथे ३० च्या आसपास उतरते धक्के असावेत असं दिसलं, एकेकाची रुंदी सुमारे ६ मीटर. मग काठावर १९० बसवायचे तर ११४० मीटर काठ हवा. तेवढा नाहीच, त्यात आत येणाऱ्या वाटेची जागा वजा करायची. उत्खनन करणाऱ्यांनीही एकूण १७० च्या घरातच अंदाज दिला आहे. भाचीने स्वतंत्र गणित केलं आणि ती १६५ वर आली.

आम्ही १७० घेतले. १:१००० ला एक गोदी ६ मिलिमीटर रुंद. पुठ्ठ्याच्या १७० पट्ट्या, प्रत्येकीला दोन खांब, म्हणजे ३४० खांब. आगपेटीच्या काड्या जाड होतात. झाडूचे हीर घेतले.

७ जुलै
फलकाचा मजकूर. समितीने १५० शब्दांची मर्यादा घातली आहे. युद्ध का झालं हे १५० शब्दांत सांगताना हात थांबतो, कारण ते एका दिवसात झालेलं नाही. इथे मोकळेपणी लिहून ठेवते, मग कापेन.

इ.स.पू. २०१. कार्थेजचा सेनापती हॅनिबल रोमशी लढला ते युद्ध संपलं, कार्थेज हरलं. तहाच्या अटी: फक्त दहा लढाऊ नौका ठेवायच्या, रोमच्या परवानगीशिवाय युद्ध करायचं नाही, आणि १०,००० टॅलंट चांदी पन्नास वर्षांत हप्त्याने भरायची. एक टॅलंट म्हणजे सुमारे २६ किलो. हे लोक व्यापारी आणि शेतकरी. दहा वर्षांत इतके सावरले की उरलेली सगळी रक्कम एकदम भरतो म्हणाले. रोमने नाही म्हटलं. हप्ते चालू राहिले म्हणजे दोरी हातात राहते.

शेजारी नुमिडियाचा राजा मासिनिसा, रोमचा मित्र. तो दरवेळी थोडी जमीन बळकावायचा, कार्थेज रोमकडे दाद मागायचं, आणि निकाल बहुतेक वेळा मासिनिसाच्या बाजूने लागायचा. शेवटी हप्ते संपत आले आणि कार्थेजने त्याच्याशी लढाई केली. हरले. पण परवानगीशिवाय लढले, हे कारण रोमला पुरलं. रोमन पुढारी कॅटो तर केव्हाचा सिनेटमध्ये म्हणत होताच की कार्थेज नष्ट झालं पाहिजे.

१४९ मध्ये रोमचे दोन्ही कॉन्सल, म्हणजे वर्षापुरते निवडलेले सर्वोच्च अधिकारी, फौज घेऊन कार्थेजजवळच्या युटिका बंदरात उतरले. कार्थेजने शरणागती आधीच पाठवली होती. पहिली मागणी: प्रतिष्ठित घरांतली तीनशे मुलं ओलीस द्या. दिली, ती सिसिलीला नेली. दुसरी मागणी: शस्त्रं द्या. दोन लाख माणसांची शस्त्रसामग्री आणि दोन हजार दगडफेकी यंत्रं गाड्यांवर लादून रोमन छावणीत पोचवली, असं अ‍ॅपियन सांगतो. आणि मग तिसरी: शहर रिकामं करा, समुद्रापासून ८० स्टेडियम (अंतराचं जुनं माप) आत, म्हणजे सुमारे १५ किलोमीटर, कुठेही नवं गाव वसवा, हे आम्ही पाडणार.

भाची म्हणाली, "आत्या, पण शस्त्रं दिलीच का? मुलं नेली तेव्हाच कळायला हवं होतं ना?"

मी म्हटलं, "मुलं नेली म्हणूनच दिली."

ती गप्प झाली. थोड्या वेळाने तिने माझ्या मजकुरातलं 'युद्धाची कारणं' हे शीर्षक खोडून 'तीन मागण्या' असं लिहिलं. तेच ठेवायचं.

समुद्रावर जगणाऱ्या माणसांना समुद्र सोडा म्हणणं याचा अर्थ मला धरणाच्या कामात कळला आहे. पुनर्वसनाचे नकाशे मी स्वतः काढले आहेत. कागदावर १५ किलोमीटर म्हणजे दीड इंच.

२१ जुलै
मुख्य टेबलाच्या शेजारी एक छोटं वेगळं काम: दगडफेकी यंत्र, १:१० प्रमाणात.

तिसरी मागणी ऐकल्यावर शहराने नकार दिला. हातात एकही शस्त्र नसताना. देवळं, मोकळ्या जागा, सगळीकडे कारखाने उभे राहिले. बायका आणि पुरुष दिवसरात्र पाळीपाळीने काम करू लागले. रोज शंभर ढाली, तीनशे तलवारी, पाचशे भाले-बरच्या, यंत्रांसाठी एक हजार बाण. हा अ‍ॅपियनचा हिशेब. आणि यंत्रांच्या दोऱ्यांसाठी बायकांनी केस कापून दिले.

ही केसांची गोष्ट मी शाळेत असल्यापासून ऐकून होते, आणि मला ती नुसती त्यागाची कथा वाटायची. यंत्र बनवायला घेतल्यावर कळलं की ती तांत्रिक गरज होती. त्या यंत्राची ताकद धनुष्याच्या लाकडात नसते. दोन उभ्या चौकटींत दोऱ्यांचे जाड पीळ भरलेले असतात, त्यांत एकेक दांडा अडकवलेला. दांडे मागे ओढले की पीळ आणखी आवळतो, सोडले की उलटा सुटतो. म्हणजे सगळा जोर पिळाचा. सुताची दोरी ताणली की ढिली पडते. यासाठी ताणून परत मूळ लांबीवर येणारं काहीतरी लागतं: जनावरांच्या स्नायूंचे तंतू, नाहीतर केस. वेढ्यात जनावरं कुठून आणणार. केस होते.

मी आधी काळा दोरा वापरून पाहिला. पीळ दिला, दांडा सोडला, खडा हातभरही गेला नाही. मग आईच्या काळापासून घरात जे करतात तेच केलं. विंचरताना निघणारी गुंतवळ आम्ही डब्यात साठवायचो, केसांवर भांडी देणारी बाई यायची तिला द्यायला. भाचीचे केस कमरेपर्यंत आहेत, तिची दोन महिन्यांची गुंतवळ, त्यात शेजारणीची. धुऊन, मोकळी करून, तिपेडी वळली. चौकटीत भरून पीळ दिला. खडा खोली ओलांडून दारावर आपटला.

दोघी कितीतरी वेळ काही बोललो नाही. मग भाचीने खडा उचलून आणला आणि परत लावला.

११ ऑगस्ट
आज बांध. खरं तर या सगळ्या प्रकल्पात माझ्या हाताचं काम हेच.

आधीची दोन वर्षं रोमनांना फारसं जमलं नव्हतं. ते थोडक्यात: १४९ आणि १४८ चे सेनापती हल्ले करत राहिले, मार खात राहिले. १४७ मध्ये स्किपिओ एमिलिआनस कॉन्सल झाला. वय बसत नव्हतं, लोकांच्या आग्रहाने नियम बाजूला ठेवले. त्याने आल्यावर हल्ल्यापेक्षा मातीकाम जास्त केलं. शहर ज्या भूपट्टीने मुख्य जमिनीला जोडलं होतं ती २५ स्टेडियम रुंद, सुमारे साडेचार किलोमीटर. त्याने ती या टोकापासून त्या टोकापर्यंत खंदक आणि १२ फूट उंच भिंत घालून वीस दिवस-रात्रीत बंद केली. दिवसाला सव्वादोनशे मीटर, शत्रूच्या बाणांच्या टप्प्यात. ही भिंत टेबलाबाहेर जाते, म्हणून तिचा वेगळा नकाशा भिंतीवर लावणार.

जमीन बंद झाली, समुद्र उघडा. वारा जोरात मागून असला की धाडसी व्यापारी शिडं फुलवून रोमन जहाजांच्या मधून धान्य आत नेत. म्हणून स्किपिओने बंदराच्या तोंडाशी समुद्रात दगडांचा बांध घालायला घेतला. अ‍ॅपियन मापं देतो: माथ्याला २४ फूट, पायाला ९६ फूट.

ही मापं वाचून मला फार बरं वाटलं. तपासता येतात. ९६ वजा २४, भागिले दोन: प्रत्येक बाजूला ३६ फूट उतार. सुट्या दगडांचा भराव पाण्यात टाकला की तो दीडास एक ते दोनास एक अशा उताराला स्थिरावतो. म्हणजे उंची १८ ते २४ फूट, साडेपाच ते सात मीटर. उथळ किनाऱ्याजवळच्या पाण्याची खोली आणि वर लाटांसाठी थोडी सोड, एवढ्याला हे अगदी शोभतं. गोद्यांचा आकडा फुगला होता, पण बांधाचा आडवा छेद कोणीतरी खरोखर मोजून लिहिलेला आहे. माथ्यावर ७ मीटर म्हणजे समोरासमोर दोन गाड्या जाव्यात इतकी रुंदी. दगड ओतत ओतत पुढे सरकायला तेवढी लागतेच.

प्रतिकृतीत माथा ७ मिलिमीटर, पाया २९, उंची ६. गंगाघाटावरून बारीक खडी आणली, चाळली, दोन मापांत वेगळी केली. मोठे खडे बाहेरच्या उतारावर, बारीक पोटात. भाचीने विचारलं, "आतलं कुणाला दिसणार आहे?" दिसणार नाही. पण बांध तसाच घालतात.

२५ ऑगस्ट
पाणी बिघडलं. समुद्रासाठी इपॉक्सी रेझिन ओतलं होतं, पावसाळी दमट हवेत ते वर दुधाळ झालं. दोन दिवस पॉलिश पेपर मारला, आता खोलीत हीटर लावून पुन्हा ओतायचं. एक आठवडा गेला.

१ सप्टेंबर
पाणी जमलं. गर्द निळं न करता हिरवट ठेवलं.

आज नवा कालवा कापला. कार्थेजवाले बांधाला आधी हसले होते: एवढा समुद्र कोण भरून काढणार? बांध पुढे सरकू लागला तसं त्यांनी उलट बाजूने, गोल बंदरातून थेट पूर्वेच्या खुल्या समुद्राकडे नवी वाट खणायला घेतली. बायका आणि मुलंसुद्धा खणत होती. त्याच वेळी गोद्यांमध्ये जुन्या लाकडांपासून नौका बांधणं चालू. बाहेर रोमनांना दिवसरात्र ठोकाठोकीचा आवाज ऐकू यायचा. पकडलेल्या माणसांना विचारलं तर त्यांनाही काय चाललंय ते सांगता येईना. बेटावरून बाहेरचं दिसावं आणि बाहेरून आतलं दिसू नये अशी त्या बंदराची रचना, ती इथे कामाला आली. बांध पुरा होत आला आणि एका पहाटे त्यांनी नव्या तोंडाची शेवटची माती काढली. तिच्यातून पन्नास लढाऊ नौका, शिवाय लहान होड्या समुद्रावर आल्या.

रोमन आरमार त्या वेळी जवळजवळ रिकामं होतं, खलाशी मातीकामावर. तेव्हाच तुटून पडले असते तर सगळं आरमार हाती लागलं असतं, असं अ‍ॅपियनही म्हणतो. पण ते नुसते फिरून, दाखवून परत आत गेले. लढायला आले तिसऱ्या दिवशी, तोवर रोमन सज्ज. दिवसभर बरोबरीने लढले. परतताना लहान होड्यांची नव्या तोंडाशी गर्दी झाली, मोठ्या नौका बाहेर अडकल्या आणि त्यांना तटाजवळच्या धक्क्याला लागून उभं राहावं लागलं. तिथे त्यांची हानी झाली.

ते दोन दिवस ते का थांबले, हे मनातून जात नाही. नवी लाकडं, न सरावलेले वल्हेकरी. वल्ह्यांची लय बसवायला फेरी मारली असेल. आई म्हणायची, हाता-तोंडाशी आलेला घास. हा तो.

कालवा कापताना नवीन ओतलेलं पाणी तडकेल म्हणून जीव मुठीत होता. तडकलं नाही.

१५ सप्टेंबर
घरं. बाजारचौकापासून बिर्साकडे चढणारे तीन रस्ते, दोन्ही बाजूंना सहा-सहा मजली घरं. प्रत्येक ठोकळा १८ ते २० मिलिमीटर उंच, रस्ता ६ मिलिमीटर. रस्त्यात सुई घालून ठोकळे सरळ करते. इतक्या उंच भिंतींमधला तो अरुंद रस्ता वरून पाहताना लक्षात येत नाही. डोळा टेबलाच्या पातळीवर आणला की छाती दडपते.

इथली शेवटची लढाई लिहून ठेवणं भाग आहे. १४६ चा वसंत. कार्थेजची शहराबाहेर नेफेरिस इथे असलेली फौज हिवाळ्यातच संपली होती, शहरात उपासमार. रोमन बंदराकडून आले. कार्थेजचा सेनापती हास्द्रुबाल याने रात्री चौकोनी (व्यापारी) बंदराला आग लावली, रोमन तिकडूनच येतील या समजुतीने. पण स्किपिओचा साथीदार लीलियस गोल बंदराच्या बाजूने गुपचूप तट चढला. संध्याकाळपर्यंत बाजारचौक पडला. तिथून टेकडीपर्यंतचं अंतर माझ्या टेबलावर एका हाताएवढं आहे. ते पार करायला सहा दिवस आणि सहा रात्री लागल्या. घराघरातून मारा व्हायचा. रोमन एक घर घेत, त्याच्या गच्चीवरून शेजारच्या गच्चीवर फळ्या टाकत आणि पलीकडे जात. खाली रस्त्यात वेगळी लढाई. टेकडीपाशी पोचल्यावर स्किपिओने तिन्ही रस्ते एकदम पेटवून दिले. फौजेसाठी रस्ता साफ हवा म्हणून पडलेल्या भिंती ओढून खड्ड्यांत लोटल्या, त्यांत मेलेली माणसं होती आणि जिवंतही. म्हातारी माणसं, बायका, घरांच्या कोनाकोपऱ्यांत लपलेली मुलं. सैनिक पाळीपाळीने बदलत होते, दमू नयेत म्हणून.

भाचीने विचारलं, आग दाखवायची का? लाल एलईडी मिळतात, धूर पण करता येतो. नाही म्हटलं. घरं उभीच दाखवायची. प्रत्येक घराच्या तळाशी निळा ठिपका, पाण्याच्या टाक्याचा. आणि पाच-सहा गच्च्यांमध्ये बारीक फळ्या. ज्याला कळायचं त्याला कळेल.

२ ऑक्टोबर
माथ्यावर एश्मून या देवाचं देऊळ. साठ पायऱ्यांचं. या प्रमाणात साठ पायऱ्या कापता येत नाहीत, बारा कापल्या आणि फलकावर खरा आकडा लिहिला.

सातव्या दिवशी काही लोक देवाच्या फांद्या घेऊन खाली आले आणि जीवदान मागितलं. पन्नास हजार बाया-पुरुष बाहेर पडले. ते पुढे गुलाम म्हणून विकले गेले. मागे राहिले रोमन फौजेतून फुटून आलेले नऊशे जण, ज्यांना माफी नव्हती, आणि हास्द्रुबाल, त्याची बायको, दोन मुलं. हास्द्रुबाल एकटाच हळूच जाऊन स्किपिओच्या पायाशी बसला. उरलेल्यांनी देऊळ पेटवलं. त्याच्या बायकोने वरून त्याला धिक्कारलं, मुलांना मारलं आणि आगीत उडी घेतली.

तिचं नाव कोणीही लिहून ठेवलेलं नाही. स्किपिओ काय बोलला ते शब्दन् शब्द आहे: तो जळतं शहर पाहून रडला, होमरच्या ओळी म्हणाला की एक दिवस पवित्र ट्रॉय नष्ट होईल, प्रियाम आणि त्याची प्रजाही, आणि पॉलिबियसने विचारल्यावर कबूल केलं की त्याच्या मनात रोमचा विचार होता. त्याचे अश्रू खरे असतील. त्याच्याच हुकुमाने पेटलेले रस्तेही खरे.

पॉलिबियसचं मला नवल वाटतं. तो स्वतः ओलीस म्हणून ग्रीसमधून रोमला आणलेल्या हजार जणांतला. स्किपिओचा गुरू झाला, मित्र झाला. कार्थेज पडलं त्याच वर्षी रोमनांनी ग्रीसमधलं कॉरिंथही जाळलं. दिलेल्या तीनशे मुलांबद्दल ऐकताना त्याला काय वाटलं असेल? फलकावर त्याच्या नावापुढे 'इतिहासकार' एवढंच होतं, मी 'ओलीस म्हणून रोमला आलेला ग्रीक इतिहासकार' केलं. पाच शब्द वाढले.

१३ ऑक्टोबर
समितीतले एक ज्येष्ठ सभासद पाहायला आले. काम आवडलं. मग म्हणाले, "मॅडम, मीठ कुठंय? जमीन नांगरून मीठ पेरलं होतं ना? एका कोपऱ्यात पांढरं टाका."

मी सांगितलं की कुठल्याही प्राचीन लेखकाने मीठ पेरल्याचं लिहिलेलं नाही. ती गोष्ट अलीकडच्या काळात चिकटली. त्यांनी लहानपणी पुस्तकात वाचलेलं, त्यामुळे त्यांना पटायला वेळ लागला. सारासार विचार सांगितला: या भागातल्या धान्यावर पुढे रोम जगलं, चोवीस वर्षांनी रोमन पुढारी गायस ग्राकसने इथेच वसाहत काढायला घेतली, पिकती जमीन कोण नासवेल? जमिनीचं मोल रोमनांना नीट कळत होतं. शहरातली ग्रंथालयं त्यांनी आफ्रिकेतल्या राजांना वाटून टाकली, पण एक ग्रंथ ठेवून घेतला: कार्थेजच्या मागोचा शेतीवरचा, अठ्ठावीस भागांचा. सिनेटने हुकूम काढून त्याचं लॅटिन भाषांतर करवलं. मूळही गेलं, भाषांतरही गेलं. नंतरच्या रोमन लेखकांनी दिलेले तुकडे तेवढे उरले. त्यातला एक असा की ज्याला शेत घ्यायचंय त्याने शहरातलं घर विकून टाकावं.

सभासद म्हणाले, हे फलकावर घाला, वाचनालय आहे आपलं. मिठाच्या जागी मागो आला. बरं झालं ते आले.

२६ ऑक्टोबर
टेबल हॉलमध्ये नेलं. दाराच्या मापात अर्धा इंच कमी पडत होता, तिरकं करून आत घेतलं. बिर्साच्या मागची कड थोडी निघाली, जागेवरच पीओपी भरलं.

मांडणीवरून आमच्यात खूप चर्चा झाली. पहिल्या दिवसापासून मी नकाशा नेहमीच्या पद्धतीने काढला होता, उत्तर वर. म्हणजे पाहणारा दक्षिणेला, बंदराच्या तोंडापाशी उभा राहतो, समोर बांध, मग बंदर, मग चढत जाणारी घरं आणि शेवटी देऊळ. दिसायला सुंदर. सगळं शहर पायरी-पायरीने समोर उलगडतं. भाची टेबलाभोवती दोन फेऱ्या मारून आली आणि म्हणाली, "आत्या, ही तर स्किपिओची जागा आहे."

खरंच होतं. अ‍ॅपियन, पॉलिबियस, लिव्ही, सगळे याच बाजूला उभे राहून लिहितात. चार महिने मीही तिथेच उभी होते.

टेबल फिरवलं. आता दारातून येणारा माणूस बिर्साच्या मागे उभा राहतो. आधी देवळाचं छप्पर, मग गच्च्या, टाक्यांचे निळे ठिपके, खाली गोल बंदर आणि सगळ्यात लांब, समुद्रात पुढे आलेला दगडांचा बांध. फलक उलटे झाले, ते सगळे काढून पुन्हा लावले. नकाशाचा उत्तरेचा बाण आता पाहणाऱ्याकडे वळला आहे.

३१ ऑक्टोबर
आज हॉल उघडला. सकाळी गर्दी कमी, संध्याकाळी बरीच, त्यात मुलं जास्त. शेजारच्या टेबलावर जिंजीचा वेढा आहे, एका मेहनती गटाने केलेला, तो छान झाला आहे. दगडफेकी यंत्राला हात लावू द्यायचा असं ठरवलं होतं. केसांची दोरी दुपारपर्यंत टिकली, मग एक पेड तुटला. भाचीने घरून राहिलेली गुंतवळ आणली आणि तिथेच खुर्चीत बसून वळली. तीन-चार बायका थांबून पाहत होत्या. एकीने आपल्या वेणीतले सुटलेले केस काढून दिले.

बंद करताना मोजणी केली. पुठ्ठ्याची एक गोदी सुटली आहे, हीर दोन मोडले. बांधाच्या माथ्यावरचे अकरा खडे गेले, सगळे बंदराच्या तोंडासमोरचे. खाली पडलेले सापडले नाहीत, मुलांनी उचलून नेले असणार. चाळलेली खडी डब्यात शिल्लक आहे. उद्या साडेनऊच्या आत येऊन बसवायचे.